डावीकडचा आवाज

मात्सुए, ४ नोव्हेंबर

चि. मित्सुएस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली वाळवलेली पर्सिमनची फळं पोचली. तुझ्या यजमानांच्या, हिरोमासांच्या गुडघ्यांना उतार असेल अशी आशा. इकडे तळ्यावर बदकं उतरली आणि मला आपल्या शाळेतला चौथीचा वर्ग आठवला. बाई पाखरांची कविता म्हणून घ्यायच्या, एक ओळ उजवीकडच्या मुलांनी, एक डावीकडच्या मुलींनी. भिंतीसुद्धा ऐकत असाव्यात.

मित्सुए, आता डावीकडच्या मुली गप्प झाल्या आहेत. गेल्या शनिवारपासून माझ्या कॉफीच्या दुकानात रेकॉर्ड लावली की उजवीकडून भरभरून येतं आणि डावीकडून कुणी भिंतीपलीकडे कण्हत असल्यासारखं. आधी वाटलं, अँप्लिफायर थकला. पण एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केली नाही. कॉफी गार होऊ देऊन फक्त संगीत ऐकणारी ही माणसं, त्यांना कळलं नसतं? ओनोदेराबाई वीस वर्षं डावीकडच्या कोपऱ्यात डोळे मिटून बसतात, त्याही तशाच बसल्या आहेत. म्हणजे बिघडलोय तो मीच. घरी माझ्याशी बोलतं कोण, की कानाची परीक्षा व्हावी?

बाबांचं असंच डाव्या कानापासून सुरू झालं होतं, आठवतं ना? महिन्याभरात हातही लुळा पडला. हे तुझ्याशिवाय कुणाला लिहिलेलं नाही.

तुझा,
कियोहारु दादा


अमागासाकी, ७ नोव्हेंबर

ती. दादास, सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसले. पण तेवीस वर्षं मी कारखान्यात अँप्लिफायरला सोल्डरिंग केलंय आणि तू दुकानात 'बोलू नये' अशी पाटी लावून बसला आहेस. तुझ्या गिऱ्हाइकांपुढे छप्पर कोसळलं तरी ती वाकून नमस्कार करतील आणि निघून जातील. त्यांच्या गप्प बसण्यावरून कानाचं निदान करतोस?

आता कविता बाजूला ठेव आणि नीट वाच. खुर्ची उलटी फिरव आणि स्पीकरकडे पाठ करून बस. मंद आवाज तुझ्या उजव्या बाजूला आला, तर दोष यंत्रात. डाव्या बाजूलाच राहिला, तर कानात. तसं झालं तर त्याच दिवशी इस्पितळात जा. असा अचानक गेलेला कान लवकर गेलं तरच परत येतो, एकेक दिवस मोलाचा असतो.

दोष यंत्रात असला, तर स्पीकरच्या तारा डाव्या-उजव्या बदलून बघ. मंदपणा दुसऱ्या स्पीकरमध्ये गेला, तर स्पीकर निर्दोष. त्या पहिल्यासारख्या करून रेकॉर्ड प्लेअरच्या तारा बदल. तरी डावी बाजूच मंद राहिली, तर दोष अँप्लिफायरच्या पोटात. दुरुस्तीवाल्याकडे नेऊ नकोस, नुसतं उघडून बघायचे तीस हजार येन घेईल. बहुतेक वेळा आवाजाच्या आणि डावं-उजवं जुळवायच्या, म्हणजे बॅलन्सच्या, बटणांत मळ साचलेला असतो. वीज बंद करून, वायर काढून, हजारभर येनचा साफ करायचा फवारा आत मार, दोन्ही बटणं या टोकापासून त्या टोकापर्यंत तीस वेळा फिरव आणि सुकू दे.

पण आधी खुर्ची. पत्र मिळताक्षणी.

तुझी काळजी करणारी,
मित्सुए


मात्सुए, १४ नोव्हेंबर

चि. मित्सुएस आशीर्वाद.

पत्र नऊ तारखेलाच मिळालं. या आठवड्यात फार धावपळ झाली. कपबश्या मोजल्या, पडदे धुतले. तळ्यावर धुकं इतकं सुंदर होतं की दोन सकाळी तिथेच गेल्या. खुर्चीही बरीच जड आहे.

सवडीने बघतोच. शिंपल्यांचं सूप केलं की तुझी आठवण येते. लोभ आहेच.

दादा


अमागासाकी, १७ नोव्हेंबर

ती. दादास नमस्कार.

ती खुर्ची आपण लहानपणी एका हाताने ओढत होतो. खोटं बोलू नकोस. तू घाबरला आहेस, मीही घाबरले आहे. रोज टेलिफोन वाजला की मला वाटतं तुझ्या शेजाऱ्यांचा असेल. मला असं झुरवू नकोस रे. एकदा फिरव ती खुर्ची.

मित्सुए


मात्सुए, इस्पितळ, २१ नोव्हेंबर

चि. मित्सुएस अनेक आशीर्वाद.

हे बाकावर बसून लिहितोय. घाबरू नकोस, मी बरा आहे.

तुझं पत्र परवा आलं आणि मी खुर्ची फिरवली. रेकॉर्ड लावून पाठ करून बसलो. आवाज सुरू झाला आणि मंद बाजू उजवीकडे आली. मी लहान मुलासारखा रडलो. मग तारा बदलल्या. सगळं तू लिहिलंस तसंच, दोष अँप्लिफायरच्या पोटात. फवारा मारला, बटणं फिरवली. आधी खरखर झाली आणि मग डावीकडच्या मुली एकदम गायला लागल्या.

काल दुकान उघडल्यावर मी पाटीचा नियम मोडला. उभा राहून सांगितलं की यंत्र बिघडलं होतं, क्षमा असावी. सगळे एकदम हसले. नेहमी येणारे इनुबुशीकाका म्हणाले की तेही स्वतःला बहिरे समजून पोरांना मृत्युपत्राचं सांगून बसले होते. दुसरे एक जण म्हणाले, मालकाला वाईट वाटेल म्हणून काही न बोलता आपण आपली खुर्चीच उजवीकडे सरकवली होती.

ओनोदेराबाई हसल्या नाहीत. त्यांनी हळूच विचारलं की दुरुस्ती व्हायची अजून बाकी आहे का, कारण त्यांना डावीकडून अजून काहीच ऐकू येत नाही. दहा-बारा दिवस त्या हेच समजत होत्या की माझं यंत्र आणखी बिघडलंय आणि बिचाऱ्याला कसं सांगावं.

दुकान तसंच टाकून त्यांना इथे आणलं. डॉक्टर म्हणाले की आठवडाभर आधी आल्या असत्या तर भरवसा दिला असता, आता औषध देऊन बघू. बाई उलट माझीच समजूत घालत होत्या, की तुमच्यामुळे निदान कळलं तरी.

तुझं पहिलं पत्र दहा दिवस माझ्या खिशात होतं, हे त्यांना माहीत नाही. आत सलाइन चालू आहे. परिचारिकेने बोलावलं की मी जाऊन सांगणार आहे. पलंगाच्या उजव्या बाजूला बसेन, म्हणजे त्यांना ऐकू येईल.

माझ्यावर रागाव, पण लोभ तोडू नकोस.

तुझा,
दादा