मागच्या खोलीची ओळ

धाकट्या,

तू पाठवलेल्या घराच्या वाटणीच्या कागदावर मी सही केलेली नाही. वकिलाकडची टायपिस्ट म्हणाली, "मावशी, तुमच्या बाबांचं मृत्युपत्र मशीननं वाचलं आणि त्यावरूनच हा कागद केलाय. करा सही." मी चौथीपर्यंतच शिकले, पण बाबांचं अक्षर ओळखते. शेवटच्या पानावर त्यांनी हातानं लिहिलंय, ताई असेपर्यंत मागची खोली तिची. या कागदात ती ओळच नाही. मी म्हटलं, "तुझ्या मशीनचे डोळे फुटलेत का गं?"

तिनं मशीननं केलेला पहिला कागद पडद्यावर उघडून दाखवला. त्यात ती ओळ जशीच्या तशी होती. खाली तुझा निरोप होता, "ही ओळ काढा. ताईला काही कळत नाही."

बिचाऱ्या मशीनला मी उगाच शिव्या घातल्या. तुला घालायला शब्द सापडेनात, आणि असं माझं कधी होत नाही.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. तू तेही मशीनला वाचायला देशील आणि दोन ओळींत आटपशील. त्यापेक्षा तूच ये. समोर बसवून सगळं वाचून दाखवीन.

मागच्या खोलीतूनच,
ताई