राहत्या घरातील डीबीला ‘निकृष्ट’ म्हटल्याबाबत

प्रति,
मा. वरिष्ठ विद्युत निरीक्षक,
विद्युत तपासणी कार्यालय, दुसरा मजला.

विषय: तपासणी अहवालातील ‘कारागिरी निकृष्ट’ हे शब्द वगळून डीबीचे सील काढण्याबाबत.

संदर्भ: १) आपल्या कार्यालयाची नोटीस.
२) सदर नोटिशीवर अर्जदाराच्या स्वयंपाकघरात झालेली तोंडी चर्चा (निष्फळ).

महोदय,

१. अर्जदार एकतीस वर्षे डीबी बनवतो. घरातले सगळे एमसीबी ज्या पत्र्याच्या पेटीत बसतात ती ही डीबी. रंग बघून अर्जदार कुठल्याही डीबीला चांगली म्हणत नाही. आधी तिचे दार हलवतो. ते लटपटले तर पत्रा पातळ. मग एमसीबी ज्या पट्टीवर बसतात ती अंगठ्याने दाबतो. लवली तर पेटी परत. वायर आत शिरते त्या भोकाची कड नखाने चाचपतो, कारण कड धारदार असेल तर ती वायरीचे कवच हळूहळू कापत बसते. शेवटी एकेक वायर ओढून बघतो. अर्जदार येणार म्हटले की नातेवाईक आपल्या डीबीवर कॅलेंडर टांगतात.

२. अशा अर्जदाराच्या राहत्या घरातील, त्याने स्वतः बनवलेली व सव्वीस वर्षे चाललेली डीबी आपल्या निरीक्षकबाईंनी ‘निकृष्ट’ ठरवून मेन स्विचला सील लावले. सदर निरीक्षकबाई अर्जदाराच्या पत्नी आहेत. या गोष्टीचा तक्रारीशी संबंध नाही, तथापि त्या त्याच घरात राहत असल्याने माहितीसाठी नमूद केले. जुन्या घरांची यादी त्यांच्याकडे होती आणि यादीत आपले घर बघून त्यांनी ते वगळले नाही. नोटीस त्यांनी टपालाने पाठवली. पोस्टमन आला तेव्हा अर्जदार वर्कशॉपमध्ये होता, म्हणून घरातील सज्ञान व्यक्ती या नात्याने ती त्यांनीच सही करून घेतली आणि संध्याकाळी अर्जदाराच्या ताटाशेजारी ठेवली.

३. अर्जदाराने विचारले, “अगं, हे काय?” उत्तर मिळाले, “काही म्हणायचं असेल तर कार्यालयात अर्ज द्या. घरी मी निरीक्षक नाही.” अर्जदार म्हणाला, “मग सील कोणी लावलं?” त्यावर, “निरीक्षकांनी. आमटी घ्या.”

आज अकरावा दिवस. फ्रिजमध्ये चपला ठेवल्या आहेत, कारण तो आता नुसते कपाट आहे. निरीक्षकबाई मेणबत्तीच्या उजेडात इतरांच्या घरांचे अहवाल लिहितात. अर्जदाराच्या मातोश्री पुठ्ठ्याने वारा घेत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, “घरात दोन-दोन तज्ज्ञ आहेत, म्हणून पंखा बंद आहे.” वर्कशॉपमधले कारागीर समोर काही बोलत नाहीत, पण अर्जदाराने काल एक पेटी नापास केली तेव्हा कोणीतरी मागून विचारले, “शेठ, घरच्यापेक्षा वाईट आहे का?” सीलचे एक वेळ चालेल, महोदय. तो शब्द मात्र जिव्हारी लागला आहे.

४. सबब अर्जदार आपल्या बचावात सदर डीबीचे सविस्तर वर्णन देत आहे. पत्रा जाड, दोनदा रंगवलेला. पट्टी आजही लवत नाही. भोकांना रबरी कडी. वायरी वेणी घातल्यासारख्या. जोडण्या पुढीलप्रमाणे, प्रत्येक आवळून व ओढून बघितलेली:
क्र. १, बैठकीची खोली. ओढून बघितली.
क्र. २, स्वयंपाकघर. ओढून बघितली.
क्र. ३, मोरी. ओढून बघितली.
क्र. ४, मातोश्रींची खोली. दोनदा ओढून बघितली.
क्र. ५, पाण्याचा पंप. ओढून बघितली.
क्र. ६, गॅलरी. ओढून बघितली.
क्र. ७,

५. अर्जदार मध्ये उठून चहा पिऊन आला. त्यानंतर त्याने नोटिशीचे दुसरे पान वाचले, जे रागाच्या भरात आजवर वाचले नव्हते. त्यात लिहिले आहे: ‘क्र. ७ चा स्क्रू ढिला. वायरीचे कवच तापून तांबूस. या लाइनवर आता इस्त्री चालते. आगीचा धोका.’

६. क्र. ७ ही अभ्यासाच्या टेबलाची लाइन. डीबी बसवली तेव्हा निरीक्षकबाई निरीक्षक झालेल्या नव्हत्या. परीक्षा चार दिवसांवर होती. अर्जदार एकेक लाइन बंद करून स्क्रू आवळत सातवर आला, तेव्हा त्या पुस्तकात डोके खुपसून बसल्या होत्या. “दहा मिनिटं दिवा घालवू का?” असे विचारताच मान वर न करता म्हणाल्या, “एवढं प्रकरण होऊ द्या.” अर्जदाराने डीबीचे दार अलगद, आवाज न करता लावले. परीक्षेनंतर आवळू म्हणाला. परीक्षेनंतर त्या पहिल्या आल्या आणि त्या आनंदात स्क्रू राहून गेला. एका दिव्याचा तो भार कितीसा. वायरीने पंचवीस वर्षे निभावले. गेल्या वर्षी तिथे इस्त्रीचा प्लग अर्जदारानेच बसवला, आणि तेव्हाही सात नंबर उघडून बघितला नाही.

ते प्रकरण ‘ढिल्या जोडण्या व त्यांचे धोके’ हे होते, असे त्यांनी निकालाच्या दिवशी सांगितल्याचे आता आठवते.

७. सबब विषयातील मागणी अर्जदार मागे घेत आहे. ‘निकृष्ट’ हा शब्द राहू द्यावा. मात्र अहवालात कारणाचा रकाना असल्यास ‘निष्काळजीपणा’ऐवजी ‘दिवा चालू होता’ असे लिहिता येईल का, हे पाहावे. नियमाप्रमाणे हा अर्ज अभिप्रायासाठी संबंधित निरीक्षकांकडेच जाईल याची अर्जदारास कल्पना आहे. किंबहुना घरी हे सगळे त्याला तोंडाने सांगता येत नाही, म्हणून तो आपल्यामार्फत सांगत आहे. तसदीबद्दल क्षमस्व.

आपल्या कार्यालयाचा व त्यातील एका निरीक्षकांचा नम्र,
(सही)
अर्जदार, डीबी कारागीर
दिनांक: सील लावल्यापासून अकरावा दिवस

सोबत: १) नोटीस, दोन्ही पाने. २) वर्कशॉपच्या मालाची प्रशस्तिपत्रे, नग चौदा (आता गरज नाही, परत मिळावीत).

कार्यालयीन शेरा:
तक्रारीत तथ्य नाही. ‘निकृष्ट’ कायम. कारणाच्या रकान्यात अर्जदाराने सुचवल्याप्रमाणे नोंद घेतली आहे. सील आज संध्याकाळी सहा वाजता काढण्यात येईल. अर्जदाराने स्क्रूड्रायव्हरसह हजर राहावे व वायर ओढून दाखवावी. टॉर्च निरीक्षक धरतील.
(सही)
विद्युत निरीक्षक