वरच्या तांड्याची हाक

४ नोव्हेंबर

आले एकदाची! केळापूरजवळच्या टेकडीवर दोन खोल्या, एक अवाढव्य तबकडी अँटेना आणि खाली लांबवर फुटलेला कापूस. आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपायच्या, एवढंच काम. पाच वर्षांच्या नयनला तबकडी म्हणजे देवाची परात वाटली. पगार बेताचाच, पण नयनचे बाबा कुठे असतात, असं इथे कुणी विचारत नाही. मी खूश आहे.

७ नोव्हेंबर

राखणदार डोंगरसिंगभाऊ पायथ्याच्या बंजारा तांड्यातले. बायको जमनीबाई आम्हाला भाकरी पाठवते. भाऊ सांगत होते, पूर्वी बैलांवर मीठ लादून निघालेला त्यांचा एक तांडा वाट चुकून थेट आकाशगंगेवर चढला आणि परतलाच नाही. वरचा पांढरा पट्टा म्हणजे त्यांचं सांडलेलं मीठ. मी म्हटलं, चला, शोधूनच काढू. तबकडी तिकडे वळवली.

११ नोव्हेंबर

सापडलं काहीतरी! संथ, एका लयीत, बैलांच्या घंटांसारखं. एखादा तारा असणार. तरी भाऊंचे डोळे भरून आले. तांड्यालाही ऐकू जावं म्हणून त्यांनी हट्टानं भोंगा लावून घेतला. नयन त्या तालावर नाचली.

१४ नोव्हेंबर

घंटांमागून आज माणसाचा आवाज आला. एकेक नाव पुकारत होता. जमनीबाई धावत वर आली. तांडा हलायच्या आधी नायक नावं घेतो, जो ओ देतो तो चालू लागतो, असं म्हणाली.

"बंद कर बाई. ते माणसं जमवून राह्यले."

मी बंद केलं नाही. असं काही जन्मात एकदाच हाती लागतं. तेवढ्यात डोंगरसिंगभाऊंचं नाव आलं. त्यांनी हसत ओ दिली.

१५ नोव्हेंबर

भाऊ नाहीत. चपला तबकडीखाली. भोवती पांढरं काहीतरी सांडलंय. जिभेला लावलं. मीठ.

१६ नोव्हेंबर

वीज तोडली, भोंगा उपटला. आवाज येतोच आहे. तांड्यात चार घरं रिकामी, चुलीवर भाकरी करपलेल्या. जमनीबाईनं कानांत कापूस कोंबलाय. नयनच्याही कोंबला, ती काढून टाकते. मला फार भीती वाटतेय. उद्याच्या एसटीनं निघायचं. नयनला बजावलं, माझ्याशिवाय कुणालाही ओ द्यायची नाही. तिनं शहाण्यासारखी मान हलवली.

१७ नोव्हेंबर

बॅग भरत होते. बाहेरून हाक आली — नयन, ए नयन —

माझाच आवाज. मी तर आत —

नयन म्हणाली, ओ आई.

दुपार

सँडल तबकडीखाली. मीठ. तिनं माझंच ऐकलं. मीच सांगितलं होतं, माझ्याशिवाय —

संध्याकाळ

एसटी गेली. जमनीबाईनं माझा हात घट्ट धरलाय. कानांत कापूस घाल म्हणते. नाही घालणार —

वरून हाक येतेय. आई. बारीक आवाज, रडवेला. ती नसेलही. पण ती असली तर — एवढ्या लांब, अनवाणी —

जमनीबाईचा हात सोडवला.

पुन्हा. आई.

ओ बाळा, आले, मी आ