रेड्याने डोळा उघडला त्याची हकीकत

आदरणीय मामा,

दोन्ही गुडघे टेकून नमस्कार. (तुमचे गुडघे हल्ली टेकत नाहीत असं आईने कळवलं, म्हणून दोघांच्या वाटचे मीच टेकतो.) नवी कवळी बसली का? आई लिहिते की तुम्ही ती जेवताना काढून ठेवता आणि फोटो काढायचा म्हटलं की लावता. दात तुमचे आहेत, मी मध्ये पडत नाही. तुम्ही दोघं बहीणभाऊ या वयात एका घरात नांदताय आणि अजून कुणी कुणाला घराबाहेर काढलं नाही, हे वाचून फार बरं वाटलं. माझी तब्येत ठणठणीत आहे. झोप जरा कमी लागते, पण ती उन्हाळ्यामुळे असावी.

पत्रास कारण की तुमचा रेडा बंद पडला. (हो, तोच. टेबलाखालचं ते कॉम्प्युटरचं लोखंडी धूड. तुम्ही त्याला मोठ्या आदराने 'वर्कस्टेशन' म्हणायचात. आई अजून म्हणते, माझ्या भावाने लग्न केलं नाही, रेडा पाळला.) तुम्ही गेल्यापासून दोन वर्षांत मी त्याला हात लावला नव्हता. नवी माणसं येतात, त्यांचा चांगला डोळा समोर असतो, मी त्याच्याकडे बघून दुसरा, नकली, रंगवतो. जुन्या नोंदी कशाला लागतात? आता लागल्या.

फेरीबोटीवर तिकिटं फाडणारे ते आजोबा आठवतात का? तरुणपणी त्यांचा डावा डोळा गेला होता आणि बारा वर्षांपूर्वी तुम्ही त्यांना नवा करून दिला होतात. गेल्या वर्षी आजाराने त्यांचा उजवाही काढावा लागला. त्यात तुम्ही केलेला डोळा इस्पितळातल्या कुठल्याशा बशीत राहिला आणि बशीसकट गेला. म्हणजे आता नमुन्याला एकही डोळा शिल्लक नाही. गेल्या मंगळवारी सकाळी ते आजींचा हात धरून जिना चढून आले. काळा चष्मा, इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. मी म्हटलं, कुठलाही छान तपकिरी रंग देतो, कुणाला कळणार आहे? आजोबा मान हलवायला तयार होते. आजी नव्हत्या.

"मला कळणार आहे," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं भांडलेय मी या माणसाशी. आता हे कुठे बघतायत तेच समजत नाही. भांडायचं कुणाशी?"

आजोबांनी त्यांच्याकडे मान वळवली, पण एक वीत चुकीच्या बाजूला. मी ताबडतोब शब्द देऊन बसलो की पूर्वीचेच डोळे देतो. तुमच्या कार्डावर नोंद होती: क्रमांक सहाशे अकरा, चित्र आणि रंगाचं मिश्रण रेड्यात.

आता माझी हकीकत ऐका. बटण दाबलं. काही नाही. प्लग काढून घातला. काही नाही. त्याच सॉकेटला टेबलावरचा दिवा लावून पाहिला, तो लख्ख लागला. वायर बदलली. पुन्हा बटण दाबलं, तर आतला पंखा एक पाव वळसा फिरला आणि थांबला. अगदी एखादा माणूस बोलायला तोंड उघडतो आणि विचार बदलतो, तसा. तीनदा दाबलं, तीनदा तसंच. मग मी डोकं चालवलं. वायर भिंतीतून ओढून काढली, टेबलावर ठेवली आणि आत उरलेली वीज निघून जावी म्हणून बटण दाबून धरलं. (हे कुठेतरी वाचलं होतं.) मामा, वायर माझ्या डोळ्यांसमोर टेबलावर होती. आणि पुढचा हिरवा दिवा लागला. मंद, पण लागला, आणि पंखा फिरला. एक पूर्ण फेरा. मग सगळं विझलं.

मी घाबरलो नाही. मी फक्त मागे सरकलो, तो मागे कपाट होतं आणि त्याचा खण उघडा होता. खोलीचा तो कोपरा तुम्हाला माहीत आहे. तिथे खणात दोन-अडीचशे नमुने कापसावर मांडलेले असतात आणि सगळे वर बघत असतात. (तुम्ही त्यांना पालथे का ठेवत नव्हतात हे मी कधी विचारलं नाही. आता ठेवतो.) मी खण लावला, बाहेर आलो आणि रस्ता ओलांडून रेडिओवाल्या काकांच्या दुकानात गेलो.

काका आपल्या समोर इतकी वर्षं दुकान मांडून बसलेत, पण आपला जिना ते कधी चढले नव्हते. त्यांची बायको यायची, डाव्या डोळ्यासाठी. ती गेल्यालाही आता चार वर्षं होतील. त्यांनी माझं सगळं ऐकलं आणि सांगितलं की कपॅसिटर नावाच्या डब्या असतात, त्यात वीज साठून राहते, वायर काढली तरी दिवा क्षणभर लागू शकतो, यात भूतबीत काही नाही. मी म्हटलं, भुताचं नाव मी काढलंच नव्हतं. ते म्हणाले, तुझ्या तोंडावर लिहिलंय. मग हत्यारांची पिशवी घेऊन आले.

त्यांनी रेड्याची कूस उघडली. आत धूळ अशी की गादी भरावी. ब्रशने झाडली, रॅमच्या पट्ट्या काढून पुसून बसवल्या, बटणाएवढा एक सेल मेला होता तो बदलला. तरी पंख्याचा पाव वळसा काही सुटेना. शेवटी त्यांनी वीज पुरवणाऱ्या खोक्याला कान लावला, खूप वेळ लावला, आणि म्हणाले की डब्या म्हाताऱ्या झाल्यात, थंड असताना जोर धरत नाहीत, ऊब दिली तर एखादे वेळी उठतील. मी खालच्या पार्लरवालीकडे केस वाळवायचा ड्रायर मागायला गेलो. तिने विचारलं कुणाचे केस? मी म्हटलं, कॉम्प्युटरचे. तिने ड्रायर दिला, पण जुना दिला.

दुपारी तीनचं ऊन खिडकीत होतं आणि आम्ही दोन वयस्क पुरुष जमिनीवर मांडी घालून एका लोखंडी खोक्याला वाफारा दिल्यासारखे गरम हवा देत होतो. वीस मिनिटं झाली. काकांनी मानेने खूण केली, मी बटण दाबलं. पाव वळसा. अर्धा. आणि मग पंखा फिरायला लागला तो थांबेचना. पडदा उजळला. कोपऱ्यात तारीख आली, ती मशीन जन्माला यायच्याही आधीची होती. मग तुमचा तो प्रोग्राम आपोआप उघडला आणि पडदाभर एक डोळा आला.

ताटाएवढा डोळा, मामा. तपकिरी, कडेला राखाडी, आणि बाहुलीभोवती एक बारीक सोनेरी कडं, एका जागी तुटलेलं. मी काकांना म्हटलं ड्रायर खाली गेलाय, वर धरा. त्यांनी ऐकलं नाही. ते पडद्याकडे बघत होते आणि पडदा त्यांच्याकडे.

"उजवा आहे," ते म्हणाले. "हा उजवा. हा खरा होता."

मला कळायला थोडा वेळ लागला. मग कळलं. मी विचारलं, थांबू या का जरा? ते म्हणाले, नको, तुझ्या आजोबांचा शोध, मशीन फार तग धरणार नाही. आणि ड्रायर वर धरला.

क्रमांक टाकून शोधायची सोय चालेना. एकेक डोळा पुढे ढकलत जायचं, दुसरा मार्ग नाही. शेकडो डोळे गेले, मामा. मला गणितात बदडणारे मास्तर मी एका बुबुळावरून ओळखले आणि हात आपोआप पाठीमागे गेला. कित्येक माणसं आता जगात नाहीत, पण बघतात अजून. पंख्याचा आवाज घोगरा होत होता, आणि प्रत्येक डोळा आधीच्यापेक्षा जरा उशिरा उघडत होता. सहाशे अकरा आला तेव्हा मी फोनने त्याचे फोटो काढले आणि मिश्रण कागदावर उतरवलं. शेवटचा रंग लिहिला आणि रेडा विझला. काही आवाज नाही, धूर नाही. डोळा मिटतात तसा.

पुन्हा उठला नाही. काकांनी आतली डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडून पाहिली. ती नुसती टकटक करते, दारावर कुणी उभं असल्यासारखी, आणि देत काही नाही.

आजोबांचे डोळे काल बसवले. तुमच्या मिश्रणाने, माझ्या हाताने, तीन दिवस लागले. काळा चष्मा काढून ते खुर्चीत ताठ बसले. आजींनी समोर स्टूल ओढलं आणि बघत राहिल्या. मी रंगाच्या वाट्या उगाच दुसऱ्यांदा धुतल्या. शेवटी आजोबांनीच विचारलं, कसे आहेत? आजी म्हणाल्या, "तसेच. चुकलं असलं की असेच बघता तुम्ही." आणि पदराने त्यांचा शर्ट पुसायला लागल्या, ज्याच्यावर काही सांडलेलं नव्हतं. जिना उतरताना दोघं भांडत होती. पार्लरवालीनेसुद्धा बाहेर येऊन ऐकलं.

तेव्हा इकडचं सगळं सुरळीत आहे, काळजी नसावी. आईला सांगा, मी वेळेवर जेवतो. तुमच्या पायांवर डोकं ठेवतो, जमेल तितकं हळू.

तुमचा भाचा

ता. क. मी घाबरलो नाही असं वर लिहिलं आहे. हे पत्र मी जिन्यात बसून लिहितो आहे. आजोबांचे डोळेसुद्धा पार्लरच्या मागच्या खोलीत रंगवले.

ता. ता. क. रेडिओवाले काका रोज अकरा वाजता ड्रायर घेऊन येतात. आता स्वतःचा घेतलाय. वीस मिनिटं ऊब देतात, बटण दाबतात, पाव वळसा बघतात आणि जातात. त्या गडबडीत मी फोटो फक्त सहाशे अकराचे काढले, हे मला रोज अकरा वाजता टोचतं. काल त्यांनी चाचरत विचारलं, एक डोळा करून मिळेल का? घालायला नाही, नुसता जवळ ठेवायला. मी हो म्हटलं. मला तो येणार नाही. ते सोनेरी कडं कुठे तुटलं होतं हेच मला आठवत नाही. तुम्ही आठ दिवसांसाठी या. गुडघ्यांचं मी बघतो, खुर्चीत बसवून चौघांकडून वर नेतो.

आणखी एक. काकांनी मला विचारलं होतं, इतक्या डोळ्यांत हाच आधी का आला? मी सांगितलं, प्रोग्राम मनाला येईल तो दाखवतो. तो तसं करत नाही, मामा. शेवटी जो पाहिलेला असतो तोच तो उघडतो, आणि शेवटी त्या खुर्चीत तुम्ही बसला होतात, काकांची बायको गेल्यानंतर दोन वर्षांनी. मी काकांना काही बोललो नाही, आईलाही लिहिणार नाही. तुम्ही फक्त ब्रश घेऊन या. चित्र तुम्हाला लागणार नाही.