दुसऱ्या खेळाडूचा दिवा

६ फेब्रुवारी

चि. खटपट्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

मी बरी आहे, तेव्हा ती चौकशी नको. पुढच्या खोलीतलं ह्यांचं पिनबॉलचं यंत्र बिघडलं आहे. हे गेल्यापासून त्यावर चादरच होती. परवा साफसफाई करताना लावून पाहिलं. दिवे लागतात, गोळी परतवणारा उजवा फ्लिपर उडतो, डावा मात्र ढिम्म. गोळी त्या बाजूने सरळ खाली जाते. शेजारीण म्हणाली, भंगारात देऊन टाका. मी म्हटलं, बंद पडलेलं सगळंच द्यायचं तर आधी माझे गुडघे द्यावे लागतील.

खेळघरातली असली यंत्रं दुरुस्त करण्यात तुझा जन्म गेला. मला विजेतलं ओ की ठो कळत नाही, पण लिहिलेलं वाचता येतं. पायरीपायरीने लिही. येण्याची गरज नाही.

आशीर्वाद आहेतच, ते मोजत बसू नकोस.
तुझी ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

येण्याची गरज नाही, हे भावजी गेले त्याच्या चौथ्या दिवशी तू माझी पिशवी भरून हातात देऊन सांगितलं होतंस. विसरलेलो नाही. बोलावल्याशिवाय येणार नाही.

आता यंत्र. आधी प्लग काढ. नुसतं बटण बंद करून भागणार नाही, प्लगच काढ आणि थोडा वेळ थांब. काच सरकव, गोळी काढून ठेव, खेळाची फळी वर उचलून टेकव. खाली प्रत्येक फ्लिपरला तांब्याच्या तारेचं एकेक रीळ आहे. उजवं चालतं ना, मग तोच तुझा नमुना. डाव्यात वेगळं काय दिसतं ते बघ. धक्के खाऊन एखादी तार तुटून लोंबत असणार. माझ्या तुझ्याकडे राहिलेल्या जुन्या पेटीत मीटर आणि डाखणी आहे, तिने कथील वितळवून तारेला डाख द्यावा लागेल. तापलेली डाखणी खडूसारखी टोकाशी धरू नकोस, मास्तरीणबाई!

माझी पाळी आली की भावजी मुद्दाम खोकायचे, आठवतं? त्यांच्या खोकल्यापायी मी कितीतरी गोळ्या घालवल्या.

बोट सांभाळ, आणि राग धाकट्यावरच काढत जा.
तुझा खटपट्या

२० फेब्रुवारी

चि. खटपट्यास अ. उ. आ.

तार लोंबतच होती. पहिला डाख फरशीवर पडला, दुसरा बोटावर, तिसरा जागेवर. फळी मिटली, प्लग लावला, तर खेळ सुरूच होईना. सगळे फ्यूज तुझ्या जुन्या मीटरने तपासले. सगळे शाबूत. शेवटी कंटाळून चष्मा काढला आणि ठेवायला डबी उघडली, तर तिच्यात गोळी! गोळी आपल्या खोबणीत नसेल तर यंत्र खेळ मांडत नाही, हे तू लिहायला हवं होतंस.

आता डावा फ्लिपर उजव्यापेक्षा जोरात उडतो. पण एक नवीन खोड निघाली. सुरुवातीचं बटण एकदाच दाबलं तरी यंत्र दोन खेळाडू मोजतं. माझी गोळी गेली की दुसऱ्याचा दिवा लागतो आणि ते थांबून राहतं. ह्यावर उपाय कळव.

बोट बरं आहे. कळावे, आणि लवकर कळवावे.
तुझी ताई

२५ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

शाबास! चष्म्याच्या डबीतली गोळी माझ्या सगळ्या कारकिर्दीत निघाली नव्हती.

नवा बिघाड म्हणजे पोरखेळ आहे. बटणामागे धातूच्या दोन पातळ पट्ट्या आहेत. त्या फार जवळ आल्यात, म्हणून एका दाबात दोनदा टेकतात. प्लग काढ, पोस्टकार्डाची पट्टी मधून फिरवून पुसून घे, आणि एक पट्टी अगदी किंचित मागे वाकव. झालं.

त्यानंतर दुरुस्त करण्यासारखं काही उरणार नाही. निवृत्त झाल्यापासून मला कुणी बिघाड सांगत नाही, ताई. इथे सगळं नीट चालतं, त्याचाच कंटाळा येतो. तेव्हा घाई करू नकोस.

लोभ आहे तसाच चालू ठेव, त्याचा प्लग काढू नकोस.
तुझा खटपट्या

१२ मार्च

चि. खटपट्यास अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला. पट्ट्या पाहिल्या. तू म्हणतोस तशाच आहेत. पोस्टकार्ड कापून ठेवलं. स्क्रू सैल केला आणि पुन्हा घट्ट केला. पट्टी वाकवली नाही.

रोज संध्याकाळी मी माझी पाळी खेळते. मग दुसऱ्याचा दिवा लागतो. सुरुवातीला ती पाळीही मीच खेळून टाकायची, पण कुणाच्या ताटातलं उचलल्यासारखं वाटायला लागलं. आता दिवा तसाच ठेवते आणि स्वयंपाकाला लागते. वाट बघणारी घरात मी एकटीच नाही, एवढं तरी त्याने होतं.

काल शेजारणीने विचारलं, झालं का यंत्र दुरुस्त. मी म्हटलं, एक बिघाड राहिलाय, तो माझा भाऊ येऊन बघणार आहे. ठरवून नव्हते बोलले. तोंडातून गेलं, आणि मी ते परत घेतलं नाही.

कॉट आवरून ठेवली आहे. ह्या वेळी पिशवी मोठी आण. ती भरून देण्याची मला घाई नाही.

हे लिहिते आहे तेव्हाही समोर दिवा लागलेला आहे. बाकी लोभ समक्ष. तुझी पाळी आली आहे.

तुझी ताई