विषाच्या तक्त्यातला आकडा

प्रिय मास्तरीणबाई,

रविवारपासून तुझे तीन फोन येऊन गेले आणि मी एकही उचलला नाही. कामात होते म्हटलं तर खोटं होईल. छापखान्यात या आठवड्यात साधी व्हिजिटिंग कार्डंसुद्धा आली नाहीत.

आपल्या खेळातलं पहिलं विष आपण दोघींनी तुमच्या स्वयंपाकघरात बसून केलं होतं, आठवतं? म्हणजे कागदावर. तू गोष्ट सांगणार, बाकीचे सरदार नाहीतर चेटकिणी होणार, आणि कोण जगलं, कोण मेलं ते वीस पैलूंचा फासा ठरवणार. विष करायचं तर जिन्नस कोणते, दिवस किती, फाशावर एक पडला तर ते करणाऱ्यालाच कसं बाधतं, सगळं आपण हसून हसून ठरवलं. बारा वर्षं त्याला कुणी हात लावला नाही. मग तू ती औषधवाली आणलीस.

कोपऱ्यावरच्या दुकानात ती औषधं देते, म्हणून तिला विषातलं आपल्यापेक्षा जास्त कळतं, असं तू चारचौघांत म्हणालीस. मला तिथेच झोंबलं. तिने आपली वही घरी नेली आणि पंधरा दिवसांत नियम नव्याने लिहून आणले. विषाला वास हवा, म्हणजे सावध माणूस वाचेल. मात्रा हवी. आणि पिणाऱ्यालाही फासा टाकायची एक संधी हवी. तू टाळ्या वाजवल्यास. माझ्या कुठल्या नियमाला तू टाळ्या वाजवल्याचं मला तरी आठवत नाही. वाईट याचंच वाटतं की तिचे नियम खरंच चांगले होते, आपले नुसतेच मजेशीर. तुम्ही दोघी वहीवर डोकी जुळवून बसलात की माझा चहा गार झाला तरी कुणी माझ्याकडे बघायचं नाही. जळफळाट म्हणतात तो हाच.

मग रविवारी तुझ्या दादाचा सरदार मेला, बारा वर्षं जपलेला. पेल्यातलं विष प्यायला, फाशावर चौदा पडले, आणि तिच्या नियमांच्या छापील तक्त्यात लिहिलं होतं की अठराच्या खाली मरण. दादा फासे टेबलावर आपटून निघून गेला. सगळ्यांनी तिला बोल लावला, तूसुद्धा. ती बिचारी कानकोंडी झाली, आपल्याच हातून चुकलं असेल म्हणाली आणि पुन्हा फिरकली नाही. काल तुझा मेसेज आला की आता पूर्वीसारख्या आपण दोघीच नियम करू.

हेच ऐकायला मी वर्षभर कान टवकारून बसले होते. आणि ते वाचून तुला हो म्हणायचं सोडून हे पत्र लिहायला बसले. तिने आठ लिहिलं होतं गं. तक्ता छापायला तू माझ्याकडे दिलास, तेव्हा त्या आठाआधी एक मी घातला. जाणूनबुजून, तिचं हसं व्हावं म्हणून. दादाचा सरदार त्यात जाईल हे डोक्यातही आलं नाही. तिच्या अक्षरातलं मूळ पान सोबत पाठवतेय. आधी तिला दाखव, मग दादाला. तिचा हेवा अजून वाटतो, पत्र लिहून तो गेलेला नाही. तरी तिला परत बोलाव. मला बोलावशील का, हे फोनवर विचारायची छाती होत नाही.

अजून म्हणवून घेता येत असेल तर, तुझीच,
चिडका बिब्बा