ज्योत टिकेपर्यंत

आर्बें, ५ ऑक्टोबर १९२६

चि. आंतेल्म यास पेरोनताईचे अनेक आशीर्वाद.

द्राक्षं उतरली एकदाची. बाबा गेल्यावरची ही मोंदूझ द्राक्षांची पहिली वाइन, आणि तीही माझ्या हातची. तू बस तिकडे ल्योंला ट्रामची घंटा वाजवत! एकट्या बाईची वाइन नासणारच, असं गावात जो तो बोलतोय. नासली तर मामा मळा दुसऱ्याला कसायला देतील, हे तुला ठाऊकच आहे.

एक सांगते, हसू नकोस. पिंपात वर आलेला सालींचा थर दाबायला मी रोज सकाळी तळघरात जाते, तर तो आधीच दाबलेला असतो. काठ ओले, फेस ताजा. शेजारच्या गास्पारला विचारलं, तर म्हणाला, मला माझीच पिंपं उरकत नाहीत. बाबाच असणार रे. ते खाली आहेत म्हटल्यावर मी मेणबत्ती न्यायचं सोडून दिलंय. भीती मुळीच वाटत नाही, उलट बरं वाटतं.

जेवणाची हेळसांड करू नकोस. लोभ आहेच, तो अधूनमधून कागदावरही दिसू दे.

तुझी ताई

ल्यों, ७ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं नि लगेच लिहायला बसलो. रस आंबत असताना मेणबत्तीशिवाय खाली उतरतेस? त्यातून सुटणारा विषारी वायू दिसत नाही. ज्योत विझली की माणसानं मागे फिरायचं, हे तूच मला शिकवलंस ना? बाबा त्यानंच गेले, विसरलीस?

तुला उगाच घोर नको म्हणून बोललो नव्हतो. गेल्या वर्षी बाबाही हेच सांगत होते, की वारलेले आजोबा रोज थर दाबून ठेवतात. मी मेणबत्ती पुढे केली तर हसून म्हणाले, “तुझे आजोबा आहेत खाली, मेणबत्ती कशाला?” ती त्यांची शेवटची सकाळ.

वाइन गेली चुलीत. मळा गेला तरी चालेल, मला तू हवीस. शनिवारी दुपारच्या गाडीनं येतो. तोवर खाली पाऊल टाकू नकोस. एवढं ऐक, मग हवं तेवढं रागव.

तुझा आंतेल्म

आर्बें, रविवार, १० ऑक्टोबर

चि. आंतेल्म यास आशीर्वाद.

पत्र काल सकाळी मिळालं. दुपारी गाडीची शिट्टी ऐकली, पोलेंटा गरम ठेवून वाट पाहिली. तू आला नाहीस.

आज चर्चहून आल्यावर गास्पारला सोबत घेऊन तळघराचं दार उघडलं. मेणबत्ती आधी दोरीनं खाली सोडली, ती लगेच विझली. खाली माणूस जगणंच शक्य नाही. तरी थर दाबल्याचा आवाज येत होता. मी बाबांना हाक मारली. उत्तर तुझ्या आवाजात आलं, “ताई, मी आलोय. मेणबत्ती कशाला? ये.”

मी निघालेच होते. गास्पारनं दंडाला धरून मागे ओढलं. त्याला म्हणे रस खदखदण्याशिवाय काहीच ऐकू आलं नाही. तो स्टेशनवरही जाऊन आला, काल तुला उतरताना कोणी पाहिलं नाही. पण तू नेहमी मळ्यामागच्या वाटेनं येतोस, थेट तळघराशी. ते त्याला सांगायचा मला धीरच झाला नाही.

झरोके उघडले आहेत, दाराला कडी घातली आहे. ज्योत टिकेपर्यंत कोणी उतरायचं नाही, असं गास्पारनं बजावलंय. मी दाराला पाठ लावून लिहितेय. तू अजून बोलावतो आहेस. माझ्याच्यानं ऐकवत नाही रे.

लोभाचं नंतर पाहू. उलट टपाली दोन ओळी पाठव. रागावून लिही, शिव्या दे, पण पाकिटावर ल्योंचा शिक्का असू दे.

तुझी ताई